लॉर्डाची सोयरीक

(सांगलीतल्या बंगल्याचा व्हरांडा. आकाराम, आटपाडीकडून आलेली त्याची आई बनाबाई आणि इंग्लंडहून सुट्टीवर आलेला मुलगा विश्वजित.)

आकाराम : ...म्हणून तर मी या लग्नाला हो म्हणालो. पोरगी गोरी असली तरी घराणं लॉर्डाचं. अख्ख्या कॉलनीला सांगून बसलोय.

विश्वजित : पप्पा, हॅनाचे वडील लॉर्ड आहेत असं तुम्हाला कुणी सांगितलं?

आकाराम : सांगायला कशाला पाहिजे? वेदरहेड. असलं आडनाव साध्या माणसाचं असतंय होय?

विश्वजित : तिकडंही क्वचितच सापडतं. पण अर्थ साधाच आहे. खच्ची केलेल्या मेंढ्यांचा कळप राखणारा. पूर्वजांचं काम तेच, म्हणून आडनाव ते.

बनाबाई : म्हंजे मेंढपाळ? मग आपलीच माणसं की रं ही.

आकाराम : आये, हळू. शेजारचे बसलेत बाहेर.

बनाबाई : बसूंदेत की. बसायला काय लागतंय.

आकाराम : विश्वजित, हे लग्न होणार नाही. मेंढरांतनं बाहेर पडताना माझी हाडं झिजली, आणि तू विमानानं जाऊन परत कळपातच शिरलास? मी लोकांना सांगितलंय, आमच्या आजोबांच्या दारात घोडी होती.

बनाबाई : हुती की. बिऱ्हाड लादायला. बिऱ्हाडावर कोंबड्या, आन् कोंबड्यांशेजारी तू.

विश्वजित : ते लोक लपवत नाहीत, पप्पा. हॅनाच्या पणजोबांची मेंढरं वळायची काठी त्यांच्या दिवाणखान्यात लावलीय. पाहुण्याला चहाच्या आधी ती दाखवतात.

आकाराम : दिवाणखान्यात?

विश्वजित : वर दिवासुद्धा सोडलाय. परवा ते इथं आले की आपली काठी बघायला मागतील. आपण कोण, ते मी सांगून टाकलंय.

आकाराम : सगळं?

विश्वजित : सगळं. ऐकून हॅनाचे वडील उठून उभे राहिले. मला मिठी मारली.

बनाबाई : व्हय रं आकाराम, तुझ्या बाची काठी कुठं हाय? तूच न्हेलीवतीस की.

आकाराम : गच्चीवर. कपड्यांची दोरी बांधलीय तिला.

बनाबाई : बरं.

आकाराम : विश्वा, ती सोडून आण आधी. सोफ्याच्या वर दोन खुंट्या ठोकू, इलेक्ट्रिशियनलाही बोलव. आणि व्याह्यांना फोन लाव जरा. काठीला तेल कुठलं लावतात, विचार.

बनाबाई : त्यास्नी कशाला? मला इचार की.