सालाचं नाव

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी सासरे-जावई बसले होते.

"बाबा, आमच्या सॉफ्टवेअरचा आवृत्ती क्रमांकच काढून टाकला. थेट यंदाच्या सालाचं नाव दिलं! माझीच कल्पना."

"आत नवीन काय?"

"बटणांचा रंग. पण जुनं वापरणाऱ्याला वाटणारच ना, आपण मागे पडलो!"

"जावईबापू, चाळीस वर्षं कॅलेंडरं छापली मी. जानेवारी उजाडला की उरलेला गठ्ठा रद्दीत. तुमचा माल तर नासणारा नव्हता."

"म्हणून तर दरवर्षी नवं काढायचं!"

"यंदाचं आलं बाजारात?"

"खोकी छापून तयार आहेत. आतलं काम तेवढं राहिलंय. पुढच्या आठवड्यात नक्की!"

"ते भिंतीवरचं कॅलेंडर माझ्याच छापखान्यातलं. बघा, उलटायला पान उरलेलं नाही."