सबनीसांचा खुनी आणि आमच्या घरची रोजरी

...नाही, मला एक सांगा, कॉलेज सोडलेला पोरगा खून करणारच, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय? मी बारावीत कॉलेज सोडलं, पप्पांच्या वाडीत केळींना पाणी सोडतो, म्हणजे उद्या गावात कोणी आडवा झाला तर पहिले माझे हात हुंगणार? हुंगतील हो! आमची म्हातारी मंडळी हुंगतील! मी ओरडून सांगीन, मी नव्हतो तिथे... पण ऐकतं कोण?

तुम्हाला सांगतो, सगळं झालं त्या श्रुतिकेमुळे. बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओवर 'सबनीसांचा बंगला'. ऐकली नाहीत? अरे, मग काय ऐकलंत आयुष्यात! टीव्हीवरचा खून हा काय खून असतो? ज्याला दाढी तो खुनी, संपला विषय. रेडिओवर तसं नाही राव! अंधार. नुसता आवाज. कपात चमचा फिरतोय... थांबला. का थांबला? कोणीतरी काडी ओढली... पण सिगरेट तर सबनीसांच्या घरात कोणी ओढत नाही! अंगावर काटा! मी ट्रान्झिस्टर कानाला लावून केळीत उभा, पाट फुटून पाणी शेजारच्या पडवळात गेलं तरी पत्ता नाही. इन्स्पेक्टर मोहित्याने नुसता घसा खाकरला तरी मला कळायचं की आता हा कोणाला तरी पकडणार.

तर श्रीमंत सबनीस मेले, डोक्यात घाव. संशय तिघांवर. एक डॉक्टर, एक पुतण्या बाळू, आणि एक रिटायर हेडमास्तर, सबनीसांचे जुने मित्र, काठीशिवाय एक पाऊल टाकता येत नाही असे. आता बाळूने कॉलेज सोडलेलं. झालं! आमच्या वाडीने पहिल्याच भागात निकाल लावला. रोझलिन मावशी, आमच्या शेजारच्या, कुंपणावरून, "बाळूच रे तो! कॉलेज सोडलं ना त्याने? मग खून नाय करणार तर काय करणार?" आणि वरून माझ्याकडे बघतात! पप्पा म्हणाले, "रिकामं डोकं, दुसरं काय." आणि फर्डिनंड सर... थांबा, सर सांगायलाच पाहिजेत. आमच्या गावचे रिटायर हेडमास्तर. हे पण काठीवाले. अख्ख्या गावाला त्यांनी शिकवलं, म्हणजे अख्ख्या गावाला त्यांनी मारलंय. बोलतात असे, जसं फळ्यावर लिहितायत, "क्ले-मेंट... शिक्षण सोडणं... ही गुन्ह्याची... पहिली पायरी." अहो सर, ती रेडिओची गोष्ट आहे!

आणि मी? मला सहाव्या भागात खुनी सापडला! खुनाची रात्र परत ऐकवत होते, बंगल्यात दिवे गेलेत, वर सबनीसांची किंकाळी, आणि जिन्यावरून कोणीतरी खाली येतंय, धप धप धप धप. नंतर हेडमास्तर साळसूदपणे सांगतो, "इन्स्पेक्टर, जिन्यावरून मीच उतरत होतो, मला तर कोणी दिसलं नाही." अरे! तूच उतरत होतास तर तुझी काठी कुठाय? आधीचे पाच भाग तू चाललास की टक् धप, टक् धप, आणि आता नुसतं धप धप? काठी वर राहिली, कारण काठीनेच घाव घातला, आणि लंगडणं निव्वळ ढोंग! मी उडी मारली, केळीचा लोंगर डोक्याला लागला, तसाच घरी धावलो. हेडमास्तर खुनी! हेडमास्तर खुनी! पण ऐकतं कोण?

नेमके सर ओटीवर चहा पीत बसलेले. बशी खाली ठेवली. "हेड-मास्तर? खून?" रोझलिन मावशींनी कपाळाला, छातीला हात लावून क्रूस काढला. पप्पा लाल झाले. म्हणाले, "मोठ्यांवर आळ घेतोस? बारावी करवत नाही आणि इन्स्पेक्टर झाला! ऐक, बाळू निघाला तर सोमवारी कॉलेजात जाऊन परत नाव घालायचं, गप मान खाली घालून." मी पण पेटलो. म्हटलं, "आणि हेडमास्तर निघाला तर?" पप्पा म्हणाले, "तर कॉलेजचं नाव माझ्या तोंडातून मरेपर्यंत निघणार नाही. सर साक्षीला." सर म्हणाले, "मान्य." मनात हसले असणार.

आता झाली का पंचाईत? शेवटचा भाग ऑक्टोबरात! आणि ऑक्टोबरात आमच्याकडे रोजरी, म्हणजे मरियामातेची जपमाळ, घरोघरी फिरते, रोज एका घरी, अख्खी वाडी गोळा, प्रार्थना झाली की उकडलेले चणे. त्या बुधवारी पाळी कोणाची? आमची! प्रार्थना सांगणार कोण? फर्डिनंड सर!

एरवी सरांची रोजरी म्हणजे डहाणूकडे जाणारी मेल, नायगावला थांबायचं नाव नाही. त्या दिवशी? "न-मो... म-रि-ये..." अहो, दोन मण्यांच्या मधे माणूस जेवून येईल! पुन्हा प्रत्येक रहस्याला, म्हणजे दर दहा मण्यांना, वेगळा हेतू. आजाऱ्यांसाठी. प्रवाशांसाठी. परीक्षेला बसणाऱ्यांसाठी, आणि न बसणाऱ्यांसाठी... माझ्याकडे बघून! घड्याळात आठला दहा कमी आणि पाचवं, शेवटचं रहस्य सुरूच नाही! सरांना तो भाग लोकांना ऐकूच द्यायचा नव्हता हो!

पण मग मजा झाली. लोकांनी प्रार्थनेची उत्तरं कोणी मागे लागल्यासारखी द्यायला सुरुवात केली. सरांचं अर्धं होतंय तोवर इकडून "पवित्र मरिये" धाडकन! सर हळू, लोक जोरात. रोझलिन मावशी तर सर श्वास घेतायत तेवढ्यात पुढच्या मण्यावर! शेवटी लितानीत, मरियेच्या नावांच्या यादीत, सरांनी माघार घेतली. शेवटचं आमेन झालं आणि पप्पांनी, माझ्या पप्पांनी, जो रेडिओला रिकामटेकड्यांचं खोकं म्हणतो त्या माणसाने, उठून स्वतः बटण फिरवलं. चणे वाटणाऱ्या आईला सगळे म्हणाले, "श्शू!"

अख्खी वाडी जमिनीवर. वाऱ्याचा आवाज. खुर्ची सरकली. इन्स्पेक्टर मोहित्यांनी घसा खाकरला... झालं, आता पकडणार! म्हणाले, "मास्तर, काठीशिवाय तुम्हाला पाऊल टाकता येत नाही. मग त्या रात्री जिन्यावर तुमची काठी का वाजली नाही?"

एक चणा पडला असता तर ऐकू आला असता. आणि मग त्या पन्नास माणसांनी, एकसाथ, मान वळवून कोणाकडे बघितलं असेल? फर्डिनंड सरांकडे! सरांनी काठी हळूच पाटाखाली सरकवली. मी छपराला हात लागेल असा उडालो! पोरांनी शिट्ट्या मारल्या! रोझलिन मावशी म्हणतात, "मी तर पहिल्यापासून म्हणत होते, मास्तरच!" म्हणत होत्या? कधी?

मी पप्पांसमोर छाती काढून उभा. पप्पा म्हणाले, "दिला शब्द दिला. कॉलेजचं नाव काढणार नाही." आई डोळे पुसत होती. मला वाटलं, सुटलो! जिंकलो! आणि तेवढ्यात सर उठले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. फळ्यावरचा आवाज नाही, वेगळाच, खराच खुशीतला. पप्पांना म्हणाले, "पास्कल, सहा भाग मीही ऐकले. मला ती काठी नाही ऐकू आली. ह्या पोराला आली. असे कान, असं डोकं केळीत घालवायचं? कॉलेजचं नाव काढायचं नाही ना? नको काढूस. मी शिकवतो, माझ्या ओटीवर. बारावी बाहेरून देईल."

मी म्हटलं, "पप्पा, शब्द!" पप्पा म्हणाले, "शब्द कॉलेजचा होता. सरांची ओटी काय कॉलेज आहे?" अख्ख्या वाडीने टाळ्या वाजवल्या, चण्यांच्या पुड्या हातात धरून! मी ओरडतोय, अहो, मी बरोबर होतो, मी जिंकलो... पण ऐकतं कोण?

तर असं आहे बघा. खुनी पकडला मी, इन्स्पेक्टरच्याही आधी. शिक्षा झाली मला. सकाळी सात ते नऊ, सक्तमजुरी, अकाउंट्ससकट. रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर जादा तास.