सगळ्यांच्या फाइलमधली आगाऊ ओळ

पूर्वा: ...आणि महिरपी कंस बंद. दोनदा. झालं. आत्या, आता तू नुसतं हो म्हण, मी चालवते.

आत्या: हो म्हणायला मला आधी दिसलं तर पाहिजे. तुझं डोकं स्क्रीनपुढून काढ.

पूर्वा: काढलं. ही बघ वाघोली शाखेची नवीकोरी फाइल. सर्व्हरचं नाव, पत्ता, तासाला किती मेल सोडायचे ती मर्यादा, सगळं भरलं. एकही चूक नाही.

आत्या: टायपिंग बरं आहे तुझं. माझ्यापेक्षा बरं.

पूर्वा: तुझा हात प्लास्टरमध्ये आहे, आत्या. तुझ्यापेक्षा खालच्या मजल्यावरची मांजरही बरं टाइप करेल.

आत्या: हात प्लास्टरमध्ये आहे, कान नाहीत. आता मला समजावून सांग तू काय केलंस ते. समज, मी नागोराव सर आहे. स्पर्धा परीक्षांची तीन शाखांची अभ्यासिका चालवतो आणि मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही.

पूर्वा: सोपं आहे. आमच्या शाळेचा ड्रेस शिवणारे टेलरकाका आहेत ना, तसं. ड्रेसचा कट एकच. तो आपला टेम्प्लेट. पण मापं प्रत्येकाची वेगळी, ती आपली व्हेरिएबल. कटामध्ये जिथे जिथे माप यायचं तिथे आपण दोन कंस टाकून जागा रिकामी ठेवतो. मग मी एक बटण दाबते, आणि सदाशिव पेठ, नारायण पेठ आणि वाघोली, तिघींचे मेल सर्व्हर आपापल्या मापाचे ड्रेस घालून उभे. कुणाचीही बाही लांब नाही.

आत्या: आणि सगळ्यांना सारखंच असतं ते? बटणं, बिल्ला?

पूर्वा: ते सगळ्यांच्या फाइलमध्ये. एकदाच लिहायचं, तिघींना लागू. आत्या, मला हे इतकं आवडतं ना, की काल भूगोलाच्या तासाला मी वहीत कंसच काढत होते. बाई म्हणाल्या, ही कोणती नदी?

आत्या: तुझ्या आईला वाटून राहिलं की तू माझ्याकडे दहावीचं बीजगणित करतेस.

पूर्वा: बीजगणितच आहे की. अक्षराच्या जागी किंमत घालायची.

आत्या: हे तिच्यासमोर बोलू नको. दोघींना जेवायला मिळणार नाही.

पूर्वा: पण आज हे नीट झालं की माझं स्वतःचं खातं. तुझ्या नावाने आत शिरायचं नाही. माझं नाव, माझा पासवर्ड, माझी चावी. तू शब्द दिलायस. वर्गातल्या तनुजाने मला फोनमध्ये 'सर्व्हर मॅडम' म्हणून सेव्हसुद्धा केलंय.

आत्या: शब्द असा होता की, बघेन.

पूर्वा: तू 'बघेन' म्हणालीस की ते होतंच. सायकलचं झालं, चष्म्याच्या लाल फ्रेमचं झालं. चालवू?

आत्या: चालव. संध्याकाळी वाघोलीच्या मुलांना सराव-मुलाखतीच्या वेळा जायच्या आहेत. त्याआधी सर्व्हर उभा पाहिजे.

पूर्वा: चालवला. आता बघ. हिरवं. हिरवं. पिवळं. हिरवं. पिवळं. आत्या, किती छान दिसतंय गं, एकदम संक्रांतीचं आकाश. वाघोली उभी राहिली. मी एक सर्व्हर उभा केला. मी, पूर्वा, जिला मागच्या वर्षी वर्गात हात वर करायची भीती वाटायची. चहा टाकू का? आलं घालून?

आत्या: थांब. सदाशिव पेठेत पिवळं का आलं?

पूर्वा: पिवळं म्हणजे बदललं ना?

आत्या: बदललंच. पण आपण तर फक्त वाघोली जोडून राहिलो. सदाशिव पेठेत काय बदललं? नारायण पेठेतही पिवळं आहे. चालवायच्या आधी चेक मोडमध्ये पाहिलंस?

पूर्वा: चेक मोड म्हणजे ते, काही न बदलता नुसतं दाखवतं ते?

आत्या: तेच.

पूर्वा: मला वाटलं, खरं चालवलं की दिसेलच की काय बदललं ते.

आत्या: पडल्यावर कळतंच की जिना ओला होता. स्क्रीन वर सरकवून दाखव, कोणती ओळ...

(फोन वाजतो. आत्याचा हात अडकलेला, म्हणून पूर्वा तो उचलून स्पीकरवर टाकते.)

नागोराव सर: जय भीम, भाग्यश्रीताई. हाताची प्रकृती कशी आहे?

आत्या: जय भीम, सर. बरी आहे. बोला ना.

नागोराव सर: एक बाब आपल्या निदर्शनास आणायची होती. रविवारच्या सराव-मुलाखतींना ज्ञानदेव साहेब येणार आहेत. निवृत्त सचिव. त्यांनी आत्ताच आपल्या समाधानच्या पत्त्यावर मेल धाडला. समाधान नोकरी सोडून गेला, खातं बंद केलं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. इथवर चूक कोणाचीही नाही.

आत्या: बरोबर. मेल परत गेला असेल. 'असा पत्ता नाही' म्हणून.

नागोराव सर: परत गेला. सोबत मजकूर गेला. इंग्रजी अक्षरांत मराठी आहे, त्यामुळे जरा अडखळत वाचतो. "असे कोणी येथे नाही. आधी खात्री करावी, मग मेल पाठवावा. पुन्हा विचारल्यास उत्तर हेच मिळेल."

आत्या: काय?

नागोराव सर: साहेबांनी पुन्हा विचारलं.

आत्या: आणि?

नागोराव सर: उत्तर हेच मिळालं.

आत्या: सर, मी... हा मजकूर माझा नाही. म्हणजे, मी तपासते. एखादी जुनी सेटिंग वर आली असेल. मला थोडा वेळ द्या, मी तुम्हाला उलट फोन...

पूर्वा: सर, ते मी लिहिलं.

नागोराव सर: कोण बोलतंय?

पूर्वा: पूर्वा. आत्याची भाची. आत्याच्या लॅपटॉपमध्ये एक सरावाचा सर्व्हर आहे, खोटा, कुणाला न दिसणारा. मागच्या आठवड्यात मी त्याच्यासाठी गंमत म्हणून लिहिलं होतं. पुण्याचा सर्व्हर आहे तर पुण्यासारखं बोलू दे, म्हणून. पण लिहिलं ते सगळ्यांच्या फाइलमध्ये. तेव्हा चालवला तो एकटाच, म्हणून काही वाटलं नाही. आज सगळे चालवले.

नागोराव सर: पदनाम?

पूर्वा: काय?

नागोराव सर: आपण कोणत्या पदावर कार्यरत आहात?

पूर्वा: दहावी क.

नागोराव सर: आणि या मजकुरास मान्यता कोणाची घेतली?

पूर्वा: तनुजाची. ती खूप हसली होती.

आत्या: सर, माझ्या देखरेखीखाली झालं आहे. मी ज्ञानदेव साहेबांना स्वतः फोन करून माफी मागते.

नागोराव सर: त्याची गरज नाही. साहेबांनीच मला फोन केला होता. ते म्हणाले, मी सेवेत असताना लोकांना अशीच उत्तरं देत असे, मला आजवर कोणी तसं उत्तर दिलं नव्हतं. बराच वेळ हसत होते. रविवारी येतायत.

पूर्वा: हुश्श.

नागोराव सर: मी हसलो नाही, पूर्वाताई.

पूर्वा: हो, सर.

नागोराव सर: साहेबांनी पुन्हा विचारलं, कारण ते साहेब आहेत. आपल्याकडे मुलं येतात हिंगोलीहून, वाशिमहून. त्यांच्यापैकी एखाद्याच्या वडिलांनी कोणाकडून तरी मेल लिहून घेतला असता आणि त्यांना हे उत्तर गेलं असतं, तर त्यांनी पुन्हा विचारलं नसतं. मुलाची जागा गेली असती आणि आपल्याला कळलंही नसतं. लक्षात येतंय?

पूर्वा: येतंय.

नागोराव सर: मग दुरुस्ती व्हावी. मी फोनवर थांबतो.

पूर्वा: आत्या, मी पटकन तिन्ही सर्व्हरवर जाऊन ती ओळ खोडते. अगदी लगेच होईल.

आत्या: खोड. आणि पुढच्या वेळी आपण हे चालवलं की ती परत जशीच्या तशी येऊन बसेल.

पूर्वा: अं? हो. हो, कारण फाइलमध्ये ती तशीच राहील. टेलरकाकांच्या वहीत माप चुकलं असेल तर घरी बाही उसवून काय उपयोग, पुढचा ड्रेस तसाच येणार. मग फाइलमध्ये बदलते. पण आत्या, आता आधी काय होतं ते मला आठवत नाहीये. तुझा मूळ मजकूर मीच पुसला.

आत्या: मग नवा लिही.

पूर्वा: मी?

आत्या: माझा हात पाहा ना कसा आहे.

पूर्वा: थांब. असं लिहू? "हा पत्ता आता वापरात नाही. कृपया अभ्यासिकेच्या कार्यालयाला फोन करा." आणि खाली फोन नंबर. सर, चालेल का?

नागोराव सर: "आपला मेल आम्हांला मिळालेला नाही" हे आरंभी घाला. लोकांना वाटतं, पाठवला म्हणजे पोहोचला.

पूर्वा: घातलं. आता चेक मोड. नुसतं दाखव म्हणावं. तीन ओळी दाखवतंय, प्रत्येक सर्व्हरवर एकच. जुनी लाल, नवी हिरवी. आधी एकट्या नारायण पेठेवर चालवते, तिथे सगळ्यात कमी मेल येतात ना? झालं. आता मी माझ्याच मेलवरून समाधानदादाच्या जुन्या पत्त्यावर पाठवून बघते. आला परत. सर, वाचू? "आपला मेल आम्हांला मिळालेला नाही." किती सभ्य आहे. मला ओळखूच येत नाहीये तो.

आत्या: उरलेल्या दोन्ही चालव.

पूर्वा: सदाशिव पेठ, झाली. वाघोली, झाली. सर, तिन्ही सरळ झाल्या.

नागोराव सर: ठीक. आता ताई, एक विचारतो. आपणच एकदा सांगितलं होतंत की कोणता बदल कोणी केला, याची नोंद तुमचं यंत्र ठेवतं.

आत्या: ठेवतं, सर.

नागोराव सर: आजच्या त्या मजकुरापुढे कोणाचं नाव आहे?

आत्या: माझं.

नागोराव सर: आणि आत्ताच्या दुरुस्तीपुढे?

आत्या: माझंच. ती माझ्याच खात्यातून करून राहिली.

नागोराव सर: म्हणजे आगाऊपणा तिने केला, तो तुमच्या नावावर. दुरुस्ती तिने केली, तीही तुमच्या नावावर. तहसीलदार होतो तेव्हा माझ्या कार्यालयात असं कोणी केलं असतं, तर मी दोघांनाही नोटीस दिली असती. काम करणाऱ्याची सही त्या कामाखाली पाहिजे. वयाचा काही नियम आहे का तुमच्यात?

आत्या: नाही. पण सर, आजच्या प्रकारानंतर मी म्हणणार होते की दिवाळीपर्यंत हिने हात लावायचा नाही.

पूर्वा: दिवाळीपर्यंत?

नागोराव सर: आपला निर्णय. मला एवढंच माहीत आहे की आपण मला उलट फोन करते म्हणालात, आणि ती 'मी लिहिलं' म्हणाली. बरं, ठेवतो. संध्याकाळी मुलांना वेळा गेल्या की कळवा.

आत्या: कळवते, सर. जय भीम.

पूर्वा: ...आत्या, चिडलीस?

आत्या: चिडले होते. लपवायला निघाले होते मी, ते तुला कळलं?

पूर्वा: कळलं. म्हणून तर मध्ये बोलले. तू खोटं बोलायला लागलीस की तुझा आवाज फार गोड होतो, सरांना लगेच कळलं असतं.

आत्या: गप. आणि आणखी काय काय लिहून ठेवलं आहेस त्या सरावाच्या सर्व्हरसाठी? आत्ताच सांग.

पूर्वा: फार नाही. कुणी खूप मोठी फाइल पाठवली तर, "एवढे सामान घेऊन येऊ नये. जिना अरुंद आहे."

आत्या: पूर्वा.

पूर्वा: तू हसतेयस.

आत्या: माझा हात दुखून राहिला.

पूर्वा: हात दुखल्यावर खांदे हलत नाहीत, आत्या. ती ओळ त्या खोट्या सर्व्हरच्या स्वतःच्या फाइलमध्ये टाकते. फक्त त्याच्या. चालेल?

आत्या: टाक. आणि मग ती दुसरी फाइल उघड. खात्यांची.

पूर्वा: कोणती, जिच्यात फक्त तुझंच नाव आहे ती?

आत्या: तीच. माझ्या नावाखाली नवी ओळ घे. आधी एक आडवी रेघ, मग एक जागा सोड. घेतली?

पूर्वा: घेतली.

आत्या: लिही. पी. यू. आर. व्ही. ए. आता त्याच्या खाली, वाघोली. सध्या तेवढ्याच सर्व्हरची चावी. बाकीच्या दोन दिवाळीनंतर पाहू. काय गं, दुपारपासून तोंड बंद नव्हतं तुझं, आता बोल ना काही.

पूर्वा: लिहितेय.