बाकी सगळं काढीन, पण अंगठी नाही

...आणि म्हणे अंगठी काढ! मला! लग्नाला अजून दोन महिनेही झाले नाहीत, बोटावर तिचा वळसुद्धा अजून नीट उमटला नाही, आणि ही मॉरीन कमरेवर हात ठेवून मला सांगते, "पोरी, हातमोज्याच्या आत अंगठी घालून कुणी स्टेजवर जात नाही. काढ ती." तुम्हाला सांगते, मी कुणाला उलटून बोलणारी नाही हो... बेकरीच्या रांगेत कुणी पुढे घुसलं तर मी छताकडे बघते! पण त्या दिवशी तोंडातून गेलंच, "मॉरीन, बाकी सगळं काढीन, पण अंगठी नाही."

अख्खी खोली हसली. हसणारच, आमचा धंदाच काढण्याचा! बर्लेस्क. म्हणजे बँडच्या तालावर, डोळे मिचकावत, एकेक कपडा असा उतरवायचा की लोकांना हसूही यावं आणि जीवही वरखाली व्हावा, आणि शेवटी उरतात अंगावर चिकटवलेल्या दोन चमचमत्या चकत्या आणि जराशी झालर. स्टेजवर मी कॉन्टेसा. घरी नेसा, डोंगरातल्या मेंढपाळाची बायको. सासूबाई स्वतः माझ्या झग्यावर टिकल्या टाकतात, आणि टाकता टाकता सुस्कारे, "एवढं पक्कं शिवून उपयोग काय गं, तू काढणारच!"

तर स्कार्सबीचा महोत्सव. शनिवार-रविवार. इंग्लंडभरच्या आम्ही सगळ्या त्या समुद्रात खांबांवर उभ्या असलेल्या लाकडी थिएटरात, सहा बायकांत एक आरसा, टोस्टवर लोण्याऐवजी चमकी, आणि एप्रिलचा वारा फळ्यांच्या फटींतून थेट पोटऱ्यांना! आणि विल्फ... विल्फ येणार होता. माझा नवरा. त्याने मला घरी भांडी घासताना सराव करताना पाहिलंय, पण दिव्यांखाली, बँडसकट, कधीच नाही. हा सगळा नाच मी त्याच्यासाठी बसवला होता, बरं का! शेवटचा हातमोजा पहिल्या रांगेतल्या खुर्चीकडे बघून काढायचा, ती खुर्ची विल्फची. पण मेंढ्यांना हे कोण सांगणार? नेमक्या त्याच दोन दिवसांत सगळ्या एकदम व्यायला लागल्या!

फोन केला. "कसा आहेस?" तर पलीकडून, "बेंऽऽऽ!"

"विल्फ, हा तू की मेंढी?"

"मेंढी. मी मागे आहे. तिळी आहेत गं हिच्या पोटात, एक आडवं आलंय..."

"माझी आठवण येते?"

"येते ना, फार येते... अगं आलो, आलो, राणी, जरा दम धर!"

"राणी कोण?"

"अं? ही. काळ्या तोंडाची."

ऐकलंत? राणी! मला लग्नापासून आजवर 'ए ऐकलंस का' याच्या पुढे बढती नाही. फोन ठेवला आणि काय करणार, अंगठी फिरवत बसले. तेवढंच त्याचं जवळ होतं ना! त्याचे हात कसे, तर खरखरीत, लोकरीच्या तेलाचा वास, आणि रात्री माझ्या पावलांना लागले की... जाऊ दे. तर त्यात मॉरीन येऊन म्हणते काढ. तुम्हीच सांगा, काढली असती तुम्ही?

मॉरीन म्हणजे आमची मांजर. आम्ही टाकलेले कपडे स्टेजवर येऊन वेचणारीला आमच्यात मांजर म्हणतात. ही मांजर साठी उलटलेली, आधी बस चालवायची, गुडघे कुरकुरतात, पण वेचते कशी, लचकत, मुरडत, लोक तिलाही शिट्ट्या मारतात. ती म्हणाली, "थंडीने बोटं बारीक होतात. वर तू हातमोजा चढावा म्हणून पावडर फासलीस. दाताने ओढशील तेव्हा आतून अंगठीही येईल. माझं काय, मी वेचते, पण वेचायला काही उरलं तर!"

मी म्हटलं, बाकी सगळं काढीन, पण अंगठी नाही.

गेले. बँड लागला. झगा गेला, कमरपट्टा गेला, लोक कसे ओरडतायत! आणि मी बघते तर विल्फच्या खुर्चीवर कुणीतरी ओला ओव्हरकोट ठेवलाय. कोट! त्याला मी डोळे मिचकावले. त्याच्याकडे बघून ओठ चावला. एवढा जीव मी कुठल्या कोटावर टाकला नव्हता... आणि डोळ्यांत पाणी आलं, त्यामुळे पुढचं धूसर. हातमोज्याचं टोक दातात धरलं, एक बोट, दुसरं बोट, आणि दिला झटका!

हातमोजा गेला एकीकडे. अंगठी गेली वर. दिव्यात अशी चमकली, गोल फिरली, आणि ड्रमवाल्याच्या झांजेवर, बरोबर सम गाठून... टिंग! आणि घरंगळत, घरंगळत, फळ्यांच्या फटीतून खाली. खाली काय? समुद्र!

आणि लोक? लोक उठून उभे राहिले! त्यांना वाटलं, हीच तर गंमत, नवी नवरी शेवटी अंगठीसुद्धा काढते! माझ्या उभ्या आयुष्यात एवढ्या टाळ्या नाहीत. मी झालरीनिशी गुडघ्यांवर, एक डोळा फटीला लावून खाली बघतेय, तर टाळ्या आणखी वाढल्या! मॉरीन लचकत आली, कपडे वेचले, माझ्या शेजारी वाकली आणि ओठ न हलवता म्हणाली, "भरती आहे, पोरी. ऊठ. हस." आणि हात धरून मला आत घेऊन गेली. 'मी सांगितलं होतं' असं म्हणाली नाही. त्यानेच जास्त रडू आलं.

आयोजक डेझमंड धावत आला, "कॉन्टेसा, कमाल! उद्या परत हेच!"

"हेच कसं? ती माझी खरी अंगठी होती."

"खरी? वा! म्हणूनच एवढी भिडली! मी पितळेच्या मागवतो."

रविवारी पितळेची उडवली. एक हुंकार नाही. लोकांना कळतं हो.

मग घरी जाताना गाडीत वाक्यांची तालीम. 'विल्फ, एक सांगायचंय.' नको. 'विल्फ, समुद्र आवडतो का तुला?' छे! तो म्हणेल, आपलं लग्न तिला झटकून टाकण्याएवढं सैल वाटलं. तो काही म्हणणार नाही, हेच तर भय! नुसता खाली बघेल...

स्वयंपाकघरात शिरले, लोकरीचे हातमोजे तसेच हातात. चुलीपाशी खोक्यात दोन कोकरं, आणि विल्फ उभा, डोळे तांबारलेले, केसांत पेंढा, डावा हात खिशात. धावत येऊन मिठी मारावी ना? त्याने मारली. एका हाताने.

सासूबाई टेबलाशी टिकल्या निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "एकाचा हात खिशात, एकीचे हात मोज्यात. आधी कोण बोलतंय? चहा निवतोय."

मी काढला मोजा. "समुद्रात पडली, विल्फ. मॉरीन सांगत होती काढून ठेव. मी म्हटलं, बाकी सगळं काढीन..."

विल्फने हात बाहेर काढला. बोट रिकामं!

"आईपण सांगत होती," तो खाली बघत म्हणाला. "वेताच्या वेळी अंगठी काढून खिळ्याला अडकव. मी म्हटलं, दोन दिवस ती नाही, निदान ही तरी असू दे. साबण लावून हात आत घातला, ते आडवं कोकरू सरळ केलं, हात बाहेर आला आणि..."

"आत?"

"वेतानंतर वार पडते ना, तिच्याबरोबर पडेल म्हणून कालपासून पेंढा चाळतोय. नाही मिळाली."

"कोणत्या मेंढीत, विल्फ?"

सासूबाईंनी सुईत दोरा ओवला.

"कोणत्या?"

"...राणी."

तर हे असं आहे. माझं लग्न समुद्राशी लागलंय, नवऱ्याचं काळ्या तोंडाच्या मेंढीशी, आणि आम्ही दोघं आपले बिनअंगठीचे, गुपचूप एका घरात राहतोय. रोज सकाळी ती कुंपणाशी येऊन माझ्याकडे बघते... सवतीसारखी. आणि वैरण मीच घालते तिला!