अण्णा सांडभोरांची बोअर

मंडळी, ऐका! जमीन माझी, सातबारा माझ्या नावावर. मग तिच्या पोटातलं पाणी कुणाचं?

माझंच! मनात म्हणालात ना? तुम्ही नुसतं मनात म्हणालात. अण्णा सांडभोरांनी मशीनच बोलावलं!

पिंपळदरा गाव. तीन वर्षं पावसाने दगा दिला, तेव्हा गाव बसलं नि ठरलं — नवी बोअर कुणी घ्यायची नाही, विहिरी पाळीपाळीने उपसायच्या. हा नियम लिहिला कुणी? पाणी समितीचे अध्यक्ष, अण्णा सांडभोर! आणि कोंडाबाई म्हस्के दर सोमवारी विहिरीत दोर सोडून पाणी मोजायच्या, शाळेच्या भिंतीवर खडूने लिहायच्या.

चैत्र आला. अण्णांची संत्र्याची तीनशे झाडं माना टाकायला लागली. पोटच्या लेकरासारखी वाढवलेली हो! जीव तुटला. जत्रेचा दिवस गाठला. सगळं गाव कुस्त्यांना, भोंगे चालू... कुणाला ऐकू जातंय?

ऐकू नाही गेलं, पण दिसलं! बोअरची पांढरी धूळ उडाली ती थेट आखाड्यावर. पैलवान पांढरे, पंच पांढरे! कोंडाबाई धावत मळ्यात.

"अण्णा, काय चाललंय?"

"तुळशीवृंदावनाचा पाया खणतोय!"

"चारशे फूट?"

तेवढ्यात पाणी उसळलं! अण्णा भिजले, नाचले. म्हणाले, "विहीर चाळीस फूट, बोअर चारशे. दोघींचा संबंधच काय?"

आठव्या दिवशी अण्णांची बायको, यमुनाबाई, विहिरीवरून रिकामी कळशी घेऊन आल्या.

"अहो, चहा हवाय? बागेत जा, झाडांना मागा!"

गावची विहीर तळाला! ग्रामसभा भरली. लोक खवळलेले. कोंडाबाई एवढंच म्हणाल्या, "अण्णा, तीन दिवस मोटर बंद ठेवा. विहिरीचा उपसा तर आधीच बंद आहे, तरी पाणी चढत नाही. मग दोर तुम्हीच सोडा."

तिसऱ्या दिवशी अण्णांनी दोर सोडला. वर ओढला. पुन्हा सोडला... पाणी दोन हात चढलेलं! अण्णांचा चेहरा उतरला. हळूच म्हणाले, "कोंडाबाई, मी गावाचं पाणी प्यालो हो."

त्यांनी स्वतःचाच नियम उभं राहून वाचला. बोअरला झाकण ठोकलं. आणि गाव? गावाने आपल्या पाळीतलं थोडं थोडं पाणी त्यांच्या बागेला दिलं! सगळी नाही, पण निम्मी झाडं जगली. जी माणसं चिडली होती, त्यांनीच जगवली!

तर मंडळी, पाणी कुणाचं, ते अण्णांना कळलं. आपलं काय? आता गजर करू. पण ज्याने गावाला चोरून बोअर घेतलेली नाही, त्यानेच टाळी वाजवायची! हं, बोला — विठ्ठल, विठ्ठल...

अहो, एवढा मोठा मांडव, आणि टाळ्या चारच?

आणि मृदंगवाले महाराज... तुम्ही का हो थांबलात?