पोपटाचा उष्टा पेरू

लढाई संपली त्या साली लोणंदच्या फलाटावर पुण्याच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारी एक फौजी, त्याची अनवाणी लेक आणि एक म्हातारी.

"पोरीला कुठं न्हेतुयास, बाबा?"

"पुण्याला, मावशी. मुक्या-बहिऱ्या पोरांची शाळा हाय तितं."

"गावात शाळा न्हाई व्हय?"

"हाय की! मास्तर म्हनला, हिला काय बी समजत न्हाई, बोलाय लागली की आना."

"मग पोपटाचा उष्टा पेरू चार की तिला. वाचा फुटंल."

"मास्तर बी हेच म्हनला! लय पेरू चारलं. आवं, जिला ऐकाय येत न्हाई, ती पेरू खाऊन काय बोलंल?"

"पर मुक्या जिवाला काय शिकवनार?"

"लढाईत मी खेचरं सांभाळली, मावशी. त्या मुक्या जनावरांना खुणंनं शिकवाय सरकारनं मानसं नेमली हुती. आन माझ्या लेकीला शिकवाय गावात कुनी न्हाई!"

"वरडू नगंस. पोर भ्यालं बघ, तुझा हात वडतंय."

"भ्याली न्हाई. गाडी आली म्हनून सांगतीया."

"कुठाय गाडी? मला तर काय बी ऐकू येत न्हाई."

"मला बी न्हाई. तिच्या पायाला फलाटाची थरथर कळतीया. आन मास्तर म्हनतुय, हिला काय बी समजत न्हाई!"