माझ्या गाडीचा सायलेन्सर कोणी पास केला

माझ्या गाडीचा सायलेन्सर कोणी पास केला, सांगू? माझ्या सहा महिन्यांच्या पोरीने.

जुना शांत होता, पण रानशेतच्या चढाला गाडी दमायची. म्हणून मोकळा, आवाज न दाबणारा बसवला. गाडी पळाली, पण त्या आवाजाने पोरगी रडून लाल झाली. बायको म्हणाली, "माहेरी तलासरीला मी एसटीने जाईन."

मग डहाणूतल्या आमच्या मेकॅनिकने, जयेशभाईंनी, दोन्हींच्या मधला एक बसवून दिला. म्हणाले, "पोरीला झोपवून चढावर ने. उठली तर परत आण."

अख्खा चढ तिसऱ्या गिअरवर चढलो. बायकोच्या मांडीवर पोरगी गाढ झोपेत. वर पोचून ऐटीत इंजिन बंद केलं, तर ती उठून भोकाड पसरून बसली.

बायको म्हणाली, "चालू कर आधी. तिला तो आवाज पाहिजे."